शेतात सापडलेल्या वस्तूंची नोंद कशी ठेवावी: इंग्लंडमध्ये मेटल डिटेक्टर हाती घेणाऱ्या नवख्यांसाठी

बॉसवर्थची लढाई १४८५ साली झाली. तिसरा रिचर्ड तिथे मारला गेला आणि इंग्लंडच्या गादीवर ट्यूडर घराणं आलं. देशाचा इतिहास बदलणारी लढाई, पण ती नेमकी कुठल्या शेतात झाली यावर अभ्यासकांचं कित्येक वर्षं एकमत होत नव्हतं. लेस्टरशायरमधली अँबियन टेकडी हीच ती जागा असं धरून तिथे माहिती केंद्रही उभं राहिलं होतं. २००५ ते २०१० या काळात ग्लेन फोर्ड यांच्या नेतृत्वाखाली आसपासची शेतं मेटल डिटेक्टरने पट्ट्यापट्ट्याने चाळली गेली. तीसहून अधिक शिशाचे गोळे मिळाले. चांदीचा, सोन्याचा मुलामा दिलेला एक इवलासा रानडुक्करही मिळाला, तो रिचर्डच्या माणसांनी अंगावर लावायचा बिल्ला. प्रत्येक वस्तूची जागा नकाशावर मांडली गेली आणि सगळी टिंबं टेकडीपासून सुमारे तीन किलोमीटर नैऋत्येला गोळा झाली.

शिशाच्या गोळ्याला बाजारात काही किंमत नाही. तो कुठे पडला होता हे कोणीतरी लिहून ठेवलं, म्हणून रणभूमी सापडली. या छंदात पहिल्या दिवसापासून मनात ठेवायची गोष्ट हीच आहे. वस्तू हातात आली म्हणजे निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं ती कुठे होती, किती खोल होती, तिच्या शेजारी काय होतं यात आहे, आणि ते एकदा निसटलं की जगातलं कुठलंही संग्रहालय ते परत आणू शकत नाही.

आपल्या घरचं उदाहरण घ्या. नाशिकजवळ जोगळटेंभी इथे १९०६ साली क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. तेरा हजारांहून अधिक नाणी होती आणि त्यातल्या सुमारे सत्तर टक्के नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला होता. सातवाहनांनी नहपानाचा पाडाव केला याचा इतका ढळढळीत पुरावा दुसरा नाही. पण तो पुरावा सुट्या नाण्यात नाही, एकूण साठ्यात आणि त्यातल्या प्रमाणात आहे. नाणी मोजली न जाता सराफांकडे पांगली असती, तर आपल्याकडे फक्त काही विचित्र, दोनदा ठोकलेली नाणी उरली असती.

हा लेख इंग्लंड किंवा वेल्समध्ये राहणाऱ्या, नुकताच डिटेक्टर घेतलेल्या किंवा घ्यायच्या विचारात असलेल्या मराठी माणसासाठी आहे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे कायदे वेगळे आहेत. स्कॉटलंडमध्ये सापडलेली पुराण वस्तू राजसत्तेच्या मालकीची ठरते आणि ती ट्रेझर ट्रोव्ह युनिटला कळवावी लागते. उत्तर आयर्लंडमध्ये पुराण वस्तू शोधण्यासाठी खणायलाच परवाना लागतो. भारतातल्या वाचकांसाठी शेवटाकडे वेगळं लिहिलं आहे, ते वाचल्याशिवाय डिटेक्टर विकत घेऊ नका.

पायरी १: परवानगीची फाइल

नोंदींची सुरुवात शेतात पाऊल टाकण्याआधी होते. इथे जमिनीत सापडलेली वस्तू सर्वसाधारणपणे जमीनमालकाची असते, सापडवणाऱ्याची नाही. म्हणून मालकाची लेखी परवानगी घ्या. शेत कसणारा कूळ असेल तर त्याचीही घ्या, कारण मालक आणि कसणारा एकच असेल असं नाही. एका कागदावर शेताचं नाव, नकाशावर आखलेली हद्द, तारीख, सापडलेल्या वस्तूंची वाटणी कशी करायची आणि वस्तूंची जागा अधिकाऱ्यांना कळवायला मालकाची हरकत नाही ना, एवढं असलं की पुरे. दोघांच्या सह्या घ्या आणि एक प्रत त्यांच्याकडे द्या. हे सगळं सुरुवातीला अवघड वाटतं, पण शेतकऱ्याला असा माणूस आवडतो. कागद घेऊन आलेला माणूस फाटक उघडं टाकून जाणार नाही, हे त्याला कळतं.

याच फाइलमध्ये दुसरा कागद जोडा: जागा संरक्षित नाही याची खातरजमा. शेड्यूल्ड मॉन्युमेंट असलेल्या जागेवर परवानगीशिवाय डिटेक्टर वापरणं हा कायद्याने गुन्हा आहे, आणि शेतमालक हो म्हणाला तरी तो गुन्हाच राहतो. हिस्टॉरिक इंग्लंडची यादी आणि सरकारचा मॅजिक नावाचा नकाशा दोन्ही फुकट पाहता येतात. पाहिल्याच्या तारखेसह स्क्रीनशॉट काढून ठेवा. थेम्सच्या काठावर शोधायचं असेल तर पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटीचा परवाना लागतो. नॅशनल कौन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंगसारख्या संस्थेचं सदस्यत्व घेतलं की सार्वजनिक दायित्वाचा विमा मिळतो, त्याची प्रतही इथेच.

प्रत्येक शेताला दोन-तीन अक्षरांचं एक सांकेतिक नाव द्या. समजा गिरणीजवळच्या शेताला ‘गिर’. हे नाव पुढे प्रत्येक वस्तूच्या क्रमांकात येणार आहे, म्हणून एकदा ठरलं की बदलू नका.

पायरी २: सोबत काय न्यायचं

यादी छोटी आहे. झिप लावता येणाऱ्या लहान प्लॅस्टिक पिशव्या, ज्यांच्यावर लिहिण्यासाठी पांढरी पट्टी असते. न पुसणारं मार्कर. शिसपेन्सिल, कारण इंग्लंडच्या पावसात पेन चालत नाही आणि ओल्या बोटांना फोनचा पडदा दाद देत नाही. पाण्याने न भिजणारी छोटी वही. आत मऊ स्पंज घातलेल्या एक-दोन प्लॅस्टिकच्या डब्या, नाजूक वस्तूंसाठी. फोनमध्ये ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा संस्थेचा ग्रिड रेफरन्स, म्हणजे नकाशावरचा जागेचा पत्ता, दाखवणारं ॲप. ॲप निवडताना इंटरनेट नसतानाही ते चालतं का, हे घरीच तपासा, कारण खेड्यापाड्यांतल्या शेतांत सिग्नल नसतो.

पिशव्यांवर क्रमांक आदल्या रात्रीच लिहून ठेवा: गिर-२५-०३१, गिर-२५-०३२, असे. शेतात थंडीने बोटं आखडलेली असताना क्रमांक लिहायचा कंटाळा येतो, आणि तिथेच ‘घरी गेल्यावर लिहू’ सुरू होतं.

पायरी ३: खड्ड्यापाशी

सगळं काही इथे ठरतं. बाकीच्या पायऱ्या उशिरा केल्या तरी चालतात, ही नाही.

वस्तू दिसली की ती उचलून खिशात टाकायची नाही. आधी खड्डा पाहा. नांगरलेल्या थरातच आहोत ना? वरचा नांगरटीचा थर शेकडो वर्षं उलटापालट झालेला असतो, त्यातली वस्तू काढायला हरकत नाही. पण मातीचा रंग बदलला, माती अचानक घट्ट झाली, एकाखाली एक वस्तू लागू लागल्या किंवा मडक्याची कड दिसली, तर खणणं तिथेच थांबवा. याचं कारण सॉमरसेटमधल्या फ्रोमच्या साठ्यात दिसतं. २०१० च्या एप्रिलमध्ये डेव्ह क्रिस्प यांना तिथे रोमन नाणी लागू लागली. मडक्याचं तोंड दिसताच त्यांनी खणणं थांबवलं, खड्डा बुजवला आणि पुरातत्त्ववाल्यांना बोलावलं. मडक्यात ५२,५०३ नाणी निघाली आणि ती थराथराने बाहेर काढली गेली. त्यातली सर्वांत उशिराच्या काळातली, म्हणजे करॉसियस या राजाची बहुतेक नाणी मडक्याच्या खालच्या भागात होती. म्हणजे वर्षानुवर्षं थोडी थोडी भर घालून हे मडकं भरलेलं नव्हतं, ते एकदमच भरून पुरलं होतं. क्रिस्प यांनी फावड्याने सगळं उपसलं असतं तर नाणी तेवढीच मिळाली असती, पण ही गोष्ट कायमची हरवली असती.

एकटीदुकटी वस्तू असेल तर क्रम असा ठेवा. फोन खड्ड्यावर धरून थोडं थांबा, म्हणजे जीपीएसला स्थिर व्हायला वेळ मिळतो. मग ग्रिड रेफरन्स वहीत लिहा आणि स्क्रीनशॉटही घ्या. खोली सेंटिमीटरमध्ये लिहा, फावड्याच्या पात्यावर खुणा करून ठेवल्या की मोजपट्टी काढावी लागत नाही. वस्तू, तिचा क्रमांक असलेली पिशवी आणि खड्डा एकाच फोटोत येऊ द्या. वस्तू पिशवीत, पिशवी पाऊचमध्ये. खड्डा बुजवा. हे सगळं करायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

ग्रिड रेफरन्सबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण नवख्यांची गडबड इथेच होते. ब्रिटनच्या राष्ट्रीय ग्रिडमध्ये आधी दोन अक्षरं येतात, ती शंभर किलोमीटरचा चौकोन सांगतात. पुढे आकडे येतात: अर्धे पूर्वेकडचे, अर्धे उत्तरेकडचे. सहा आकडे म्हणजे शंभर मीटरचा चौकोन, आठ म्हणजे दहा मीटरचा, दहा म्हणजे एक मीटरचा. ‘टीएफ १२३४५ ६७८९०’ हा दहा आकड्यांचा झाला. सहा आकड्यांत अख्खं शेत मावतं, त्यामुळे अशा नोंदीतून फारसं काही हाती लागत नाही. कमीत कमी आठ, शक्यतो दहा आकडे घ्या. फोन दहा आकडे दाखवतो म्हणून जागा एका मीटरपर्यंत अचूक झाली असं मात्र समजू नका. साध्या फोनची चूक मोकळ्या शेतात काही मीटरची असते, झाडांखाली जास्त. ॲप ‘± ४ मी.’ असं दाखवत असेल तर तेही लिहा. नकाशावरचे अक्षांश-रेखांश घेत असाल तर नेहमी तेच घ्या. एकाच वहीत दोन पद्धती मिसळल्या की वर्षभराने कोणता आकडा कुठला हे सांगता येत नाही.

भंगाराचं काय? बिअरच्या डब्यांचे तुकडे आणि चांदीचा कागद क्रमांकाने नोंदवायची गरज नाही. पण शिशाचे ओघळ, बंदुकीच्या गोळ्या, धातू वितळवल्यावर उरलेली मळी आणि खापरांचे तुकडे कुठे दाट आहेत हे वहीत लिहा. ‘ओढ्याकडच्या कोपऱ्यात शिशाच्या गोळ्या भरपूर’ एवढी ओळही चालेल. आणि जिथे काहीच मिळालं नाही ते शेतही लिहा: कोणत्या तारखेला, कोणता पट्टा फिरलो, पीक कापलेलं होतं की नांगरट ताजी होती. आपण फिरलो आणि काही नव्हतं, ही माहिती ‘फिरलोच नाही’पेक्षा फार वेगळी आहे. नकाशावरची रिकामी जागा खरंच रिकामी आहे का, हे त्यावरून ठरतं.

हाडं माणसाची वाटली तर हात लावू नका, पोलिसांना आणि मालकाला कळवा. बाँब किंवा तोफगोळ्यासारखं काही दिसलं तरी तेच: लांब व्हा, जागेवर खूण करा, पोलिसांना फोन करा.

पायरी ४: क्रमांक

क्रमांकात तीन भाग पुरतात: शेत, वर्ष, अनुक्रमांक. ‘गिर-२५-०३१’ म्हणजे गिरणीच्या शेतात २०२५ साली मिळालेली एकतिसावी वस्तू. क्रमांकात ‘रोमन’, ‘नाणं’, ‘बक्कल’ असलं काही घालू नका. ओळख पुढे बदलते. शेतात रोमन वाटलेली अंगठी तज्ज्ञाच्या टेबलावर व्हिक्टोरियाच्या काळातली निघू शकते, आणि मग क्रमांकच खोटं बोलू लागतो. एकदा दिलेला क्रमांक पुन्हा वापरायचा नाही, वस्तू नंतर भंगार निघाली तरी. त्या क्रमांकापुढे ‘टाकून दिली’ असं लिहा, झालं.

पायरी ५: घरी आल्यावर

आपल्या घरांत तांब्या-पितळेला लखलखीत करण्याचा संस्कार खोल आहे. चिंच, लिंबू, पितांबरी, राख हे सगळं देवघरातल्या समईसाठी ठेवा. जमिनीतून आलेल्या नाण्यावर ते लावलंत तर वरचा हिरवा-तपकिरी थर निघून जाईल, आणि बऱ्याचदा अक्षरं आणि चित्र त्या थरातच शिल्लक असतात. सैल माती मऊ ब्रशने किंवा लाकडी काडीने हलकेच सुटेल तेवढीच काढा. लोखंड पाण्याने धुऊ नका. सोनं सोडलं तर शंका असेल तिथे काहीच करू नका. आणि ट्रेझर, म्हणजे कायद्याने कळवावीच लागते अशी पुराण वस्तू (पायरी ८ पाहा), असण्याची शक्यता असेल तर ती अजिबात साफ करायची नाही.

शिसं हाताळल्यावर हात धुवा, आणि या कामाची जागा स्वयंपाकघराच्या ओट्यापासून लांब ठेवा.

मोजमाप मिलिमीटरमध्ये, वजन ग्रॅममध्ये. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा आणि साधा कॅलिपर, एवढी दोन साधनं विकत घेण्यासारखी आहेत. मध्ययुगीन चांदीच्या पेनीच्या बाबतीत ग्रॅमच्या शंभराव्या भागाला खरोखर अर्थ असतो: कडा कातरलेल्या आहेत का, नाणं खोटं आहे का, हे वजनावरून कळतं. नाण्यासाठी आणखी एक नोंद लागते, दोन्ही बाजूंच्या ठशांचा परस्परांशी कोन. राजाचा चेहरा सरळ धरा, नाणं वर आणि खाली दोन बोटांत पकडून उभ्या अक्षाभोवती फिरवा आणि मागच्या बाजूच्या चित्राचं डोकं घड्याळातल्या किती वाजण्याच्या दिशेला आहे ते लिहा. जुनी नाणी हाताने ठोकलेली असल्यामुळे हा कोन नाण्यानाण्यात बदलतो, आणि टाकसाळीच्या अभ्यासकांना तो हवा असतो.

फोटो दोन्ही बाजूंचे घ्या, आणि वस्तूला जाडी असेल तर कडेचाही. पार्श्वभूमी साधी पांढरी किंवा राखाडी, शेजारी सेंटिमीटरची पट्टी, उजेड वरच्या डाव्या बाजूने. खिडकीतला ढगाळ उजेड फ्लॅशपेक्षा कितीतरी चांगला. फाइलचं नाव क्रमांकावरूनच द्या, म्हणजे पुढे बाजू ‘अ’, बाजू ‘आ’ एवढं लावलं की फोटो आणि वस्तू कधी वेगळे पडत नाहीत. फोनने काढलेले मूळ फोटो पुसू नका. त्यांच्यात तारीख आणि जागा दडलेली असते. लेमिन्स्टरजवळ २०१५ साली वायकिंग काळातला मोठा साठा काढून तो लपवणाऱ्या दोघांना २०१९ मध्ये लांब मुदतीच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली, तेव्हा फोनमधून पुसलेले आणि तपासात परत मिळवलेले फोटो महत्त्वाचा पुरावा ठरले होते. तो साठा सुमारे तीनशे नाण्यांचा असावा असा अंदाज होता आणि त्यातली फार थोडी नाणी हाती लागली. वेसेक्सचा आल्फ्रेड आणि शेजारच्या मर्सियाचा दुसरा कॉलवुल्फ या राजांच्या संबंधांवर नवा उजेड पाडणारी नाणी त्यात होती, म्हणून ती हानी अजून डाचते.

हीच दडलेली जागा समाजमाध्यमांवर मात्र जाऊ देऊ नका. फोटो टाकण्याआधी त्यातली ठिकाणाची माहिती काढा आणि मागे चर्चचा मनोरा, फाटक, ओळखू येणारं झाड दिसत नाही ना ते पाहा. रात्री चोरून खणणारे लोक असे फोटो पाहून शेत शोधतात.

साठवण: प्रत्येक वस्तू आपापल्या पिशवीत, पिशवीच्या बाहेर क्रमांक आणि आत क्रमांकाची चिठ्ठी, कारण मार्कर पुसला जाऊ शकतो. नाण्यांसाठी पीव्हीसी नसलेली पाकिटं घ्या. स्वस्त पीव्हीसीमधून कालांतराने चिकट हिरवा द्रव सुटतो आणि नाणं खातो. धातूच्या वस्तू झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलसोबत कोरड्या ठेवा. तांब्याच्या किंवा काशाच्या वस्तूवर फिकट हिरवी भुकटी दिसू लागली तर ती क्षाराने होणारी झीज आहे. ती वस्तू लगेच वेगळी करा आणि तज्ज्ञाला दाखवा.

पायरी ६: तक्ता

वही शेतासाठी, तक्ता घरासाठी. एक्सेल, गूगल शीट्स, लिब्रेऑफिस, काहीही चालेल. दरवेळी शेतातून आलात की त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी वहीतून तक्त्यात उतरवा. एका वस्तूला एक ओळ. रकाने असे ठेवा: क्रमांक, तारीख, शेत, ग्रिड रेफरन्स, अचूकता, खोली, शेताची अवस्था, वस्तूचा प्रकार, धातू, काळ, मोजमाप, वजन, वर्णन, ओळख कोणी पटवली, किती खात्रीने, फोटोची नावं, अधिकाऱ्याकडचा नोंदणी क्रमांक, आणि वस्तू सध्या कुठे आहे.

शेवटचे रकाने लोक सोडून देतात आणि तेच सर्वांत उपयोगी पडतात. ‘किती खात्रीने’ या रकान्यात ‘निश्चित’, ‘बहुधा’, ‘शक्यता’ असे तीनच शब्द ठेवा. ‘ओळख पटली नाही’ लिहायला लाज वाटू देऊ नका. ती प्रामाणिक नोंद आहे, आणि चुकीच्या ‘रोमन’पेक्षा लाखमोलाची.

तक्त्यात एक तांत्रिक खाच आहे. ग्रिड रेफरन्सचे आकडे वेगळ्या रकान्यात लिहिलेत तर संगणक सुरुवातीचं शून्य गिळतो. ०४५२१ चं ४५२१ होतं आणि वस्तू नकाशावर भलत्याच जागी जाऊन पडते. आकडे भरण्याआधी तो रकाना ‘मजकूर’ म्हणून ठरवून घ्या. तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस अशी लिहा, म्हणजे ओळी आपोआप कालक्रमाने लागतात.

भाषेबद्दल माझं मत असं की वर्णन आणि निरीक्षण मराठीत लिहायला काहीच हरकत नाही. आपल्या भाषेत माणूस बारकावे जास्त टिपतो. पण वस्तूचा प्रकार, धातू आणि काळ हे तीन रकाने इंग्रजीतही ठेवा, कारण ते इथल्या अधिकाऱ्याला वाचायचे आहेत. प्रत्येक वस्तूसाठी एकच शब्द ठरवा. एकदा ‘पिन’, एकदा ‘ब्रोच’, एकदा ‘फिब्युला’ असं लिहिलंत तर शोधताना एकतृतीयांशच सापडतील. काळाचे टप्पे इथे साधारण असे धरतात: रोमन काळ इ. स. ४३ ते ४१०, आरंभीचं मध्ययुग ४१० ते १०६६, मध्ययुग १०६६ ते १५००, त्यानंतर मध्ययुगोत्तर.

पायरी ७: फाइंड्स लिएझन ऑफिसर

इंग्लंड आणि वेल्समध्ये पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम नावाची योजना आहे. ती १९९७ मध्ये काही भागांत सुरू झाली आणि २००३ पासून दोन्ही देशभर पसरली. इंग्लंडमध्ये ब्रिटिश म्युझियम ती चालवतं, वेल्समध्ये तिथलं राष्ट्रीय संग्रहालय. जिल्ह्याजिल्ह्यांत तिचे अधिकारी आहेत, त्यांना सगळे एफएलओ म्हणतात. जनतेने आणून दाखवलेल्या पंधरा लाखांहून अधिक वस्तू या योजनेत नोंदल्या गेल्या आहेत आणि त्या कोणालाही ऑनलाइन पाहता येतात. नेमकी जागा मात्र लोकांसमोर मुद्दाम ढोबळ करून मांडतात, म्हणजे शेत सुरक्षित राहतं.

आपल्या भागातला एफएलओ शोधा आणि पहिल्याच हंगामात त्यांची भेट घ्या. साधारण तीनशे वर्षांहून जुन्या वस्तू त्यांना बघायच्या असतात. वस्तू ते काही काळ ठेवून घेतात, नोंदवतात आणि परत देतात. ठेवून घेताना पावती घ्या. तुमचा तक्ता आधीच नीट असेल तर त्या वस्तूंच्या ओळी छापून सोबत द्या. या अधिकाऱ्यांवर कामाचा डोंगर असतो, आणि क्रमांक, जागा, वजन लावून आलेली पिशवी त्यांचं काम निम्मं करते. परत मिळताना त्यांच्याकडचा नोंदणी क्रमांक मिळेल, तो तक्त्यात लगेच भरा.

अशा नोंदीतून काय निघू शकतं हे केंटमधल्या रिंगलमियरला दिसलं. २००१ साली तिथे नांगराने चेपलेला कांस्ययुगातला सोन्याचा पेला मिळाला. शोधकाने जागा नेमकी सांगितली. पुढे तिथे उत्खनन झालं आणि नांगरटीने सपाट झालेली कांस्ययुगीन समाधी उजेडात आली. तिच्याबद्दल आधी कोणालाच माहीत नव्हतं.

पायरी ८: ट्रेझर आणि चौदा दिवस

१९९६ चा ट्रेझर ॲक्ट प्रत्येकाने समजून घ्यायलाच हवा. तीनशे वर्षांहून जुनी आणि वजनाने किमान दहा टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू ट्रेझर ठरते. सुट्या एका नाण्याला हे लागू नाही. पण एकाच शोधातली, तीनशे वर्षांहून जुनी, सोन्या-चांदीची दोन किंवा अधिक नाणी ट्रेझर आहेत, आणि तांब्या-काशाची असतील तर दहा किंवा अधिक. प्रागैतिहासिक काळातल्या साध्या धातूच्या दोन किंवा अधिक वस्तू एकत्र मिळाल्या तरी ट्रेझर. २०१० मध्ये कंब्रियात मिळालेलं क्रॉस्बी गॅरेटचं रोमन शिरस्त्राण एकच काशाची वस्तू असल्यामुळे या व्याख्येत बसलं नाही. ते लिलावात वीस लाख पाउंडांहून जास्त किमतीला विकलं गेलं आणि खासगी हातात गेलं. असे नमुने निसटू नयेत म्हणून ३० जुलै २०२३ पासून नवी तरतूद आली: दोनशे वर्षांहून जुनी, धातू असलेली आणि इतिहासाच्या दृष्टीने असाधारण महत्त्वाची वस्तूही आता ट्रेझर ठरू शकते.

ट्रेझर सापडल्यापासून, किंवा ती ट्रेझर असू शकते हे लक्षात आल्यापासून, चौदा दिवसांत कोरोनरला, म्हणजे अशा शोधांची आणि संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवावं लागतं. व्यवहारात एफएलओला कळवलं की ते पुढचं काम मार्गी लावतात. न कळवणं हा तुरुंगवास होऊ शकेल असा गुन्हा आहे. इथे तुमच्या वहीतली तारीख तुमची बाजू मांडते. केव्हा सापडलं, केव्हा शंका आली, केव्हा कोणाशी बोललो, हे तीनही लिहा. संग्रहालयाने वस्तू घेतली तर मिळणारं बक्षीस सर्वसाधारणपणे शोधक आणि जमीनमालक यांच्यात वाटलं जातं, आणि शोधकाची वागणूक बेजबाबदार असेल तर त्याचा वाटा कमी होऊ शकतो.

‘एकाच शोधातली’ हे शब्द पुन्हा वाचा. फेब्रुवारीत एक चांदीची पेनी मिळाली, ऑक्टोबरमध्ये दुसरी. वेगळ्या दिवशी मिळाल्या म्हणून त्या वेगळ्या ठरत नाहीत. नांगराने विखुरलेला एकच साठा वर्षानुवर्षं एकेक नाणं करून वर येतो. दोन्हींचे दहा आकडी ग्रिड रेफरन्स तक्त्यात असतील तर त्या सहा मीटरवर होत्या की सहाशे, हे तुम्हाला दिसेल. म्हणून दर हंगामानंतर तक्ता क्यूजीआयएस या फुकट मिळणाऱ्या नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये घालून टिंबं मांडून पाहा. ब्रिटिश राष्ट्रीय ग्रिडसाठी त्यात ‘ईपीएसजी २७७००’ ही प्रणाली निवडायची. शिकायला एक-दोन संध्याकाळी जातात. आपल्याच हाताने गोळा केलेल्या टिंबांतून जुनी पायवाट किंवा बाजार भरण्याची जागा उमटताना पाहणं, हा या छंदातला मला सर्वांत प्रिय क्षण आहे.

एक इशारा, विशेषतः आपल्या लोकांसाठी. सुट्टीत घरी जाताना काकांना भेट म्हणून रोमन नाणं बॅगेत टाकायचा मोह होतो. ब्रिटनच्या जमिनीतून निघालेल्या पुराण वस्तूला देशाबाहेर नेताना निर्यात परवाना लागतो, किंमत कितीही किरकोळ असली तरी. आधी चौकशी करा आणि परवान्याची प्रत त्या वस्तूच्या नोंदीला जोडा.

भारतात असाल तर

इथला छंद तिथे जसाच्या तसा नेता येत नाही. १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं. त्यावर १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. राष्ट्रीय संरक्षित स्मारकांभोवती शंभर मीटरचा निषिद्ध पट्टा आणि त्यापुढे दोनशे मीटरचा नियंत्रित पट्टा आहे. गडकोटांवर डिटेक्टर घेऊन जायचा विचारही करू नका. २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यातले अकरा महाराष्ट्रात आहेत. त्यांच्या मातीत जे आहे ते उत्खनन होईपर्यंत तिथेच राहायला हवं. पण शेत नांगरताना किंवा घराचा पाया खणताना शिवराई वर आली, तर वरची निम्मी पद्धत तशीच लागू पडते: थांबा, फोटो काढा, जागा आणि खोली लिहा, घासू नका, तहसील कार्यालयामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. आजीच्या पेटीतल्या जुन्या नाण्यांनाही क्रमांक, वजन, फोटो आणि ‘कोणाकडून आलं’ हा रकाना लावायला काहीच अडचण नाही.

पायरी ९: प्रती, आणि तुमच्यानंतर

तक्त्याच्या तीन प्रती ठेवा: संगणकावर, बाहेरच्या डिस्कवर आणि क्लाउडवर. वर्षाच्या शेवटी छापील प्रत काढून फाइलमध्ये लावा. वह्या फेकू नका, तक्त्यात शंका आली की त्यांच्याकडेच परतावं लागतं. त्याच वेळी जमीनमालकासाठी त्याच्या शेतातल्या वस्तूंची सचित्र यादी तयार करून हातात द्या. बहुतेक शेतकऱ्यांना आपल्या जमिनीत काय होतं हे कोणी सांगितलेलंच नसतं.

फाइलच्या पहिल्या पानावर घरच्यांसाठी मराठीत अर्धं पान लिहून ठेवा: डबे कुठे आहेत, तक्ता कुठल्या नावाने आहे, पासवर्ड कोणाकडे आहे, कोणत्या वस्तूंत शेतमालकाचा वाटा आहे, कोणत्या अजून एफएलओकडे आहेत, आणि वस्तू पिशवीतून आणि पिशवी डब्यातून वेगळी करू नये. संग्रह संग्रहालयाला द्यायचा असेल तर त्यांच्याशी आत्ताच बोला आणि मृत्युपत्रात तसं लिहा. क्रमांकासह येणारा संग्रह घ्यायचा की नाही हे संग्रहालयाला ठरवता येतं. क्रमांक नसलेला खोका त्यांना बहुधा नाकारावा लागतो.